इकामा संपला, पगार अडकला: आखातातल्या ‘बिनकागदी’ कामगारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडणगड, खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. गोव्यातही तसंच. आमच्याकडे येणारे मेसेज बहुतेक रात्री अकरानंतर येतात, कारण तिथे ड्युटी संपवून, जेवण करून माणूस रूमवर आडवा होतो ती ही वेळ. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. मी वकील नाही. सहा वर्षं साईटवर टाइमकीपर होतो आणि परत आल्यापासून लोकांचे अर्ज लिहून देतो.

१. ‘कागद नाहीत’ म्हणजे काय? आमचा माणूस तर रीतसर व्हिसावर गेला होता.

बहुतेक जण रीतसरच जातात. विमानतळावर शिक्का मारून गेलेला माणूस तिथे पोचल्यावर बिनकागदी होतो, आणि पुष्कळदा त्याला ते कित्येक महिने कळतही नाही. कंपनी इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करत नाही. किंवा भांडण झालं की मालक ‘कामावरून पळाला’ अशी ऑनलाइन नोंद करून टाकतो. किंवा माणूस एका कफीलच्या (व्हिसा काढणाऱ्या स्थानिक मालकाच्या) नावावर असतो आणि काम दुसऱ्याकडे करतो. चौथा प्रकार अलीकडे फार वाढलाय, तो म्हणजे व्हिजिट व्हिसावर नेऊन थेट कामाला लावणं.

कॅम्पात (कामगारांच्या राहायच्या वस्तीत) अशा माणसाला ‘खल्लिवल्ली’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ ‘सोडून दे, जाऊ दे’ असा. कोणी कुणाला सोडलं हे त्या शब्दात येत नाही. आमच्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत मालकानेच माणसाला सोडलेलं होतं.

२. कागद संपलेल्या माणसाला पगार मागायचा हक्क असतो का?

असतो. हे दोन वेगळे हिशेब आहेत. देशात राहण्याचा परवाना हा तुमचा आणि तिथल्या सरकारचा हिशेब. केलेल्या कामाचा पगार हा तुमचा आणि मालकाचा. पहिल्यात तुमच्याकडून चूक झाली असली तरी दुसऱ्यातलं मालकाचं देणं फिटत नाही. मालक मात्र दोन्ही मुद्दाम एकत्र करतो. पगार मागितला की ‘तुझा इकामा कुठाय?’ असं विचारतो आणि माणूस गप्प बसतो.

स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार हेच सांगतो: कागद नियमात नाहीत एवढ्यावरून मालकाची जबाबदारी संपत नाही. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. आखातातल्या सहापैकी (सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहारीन, ओमान) एकाही देशाने तो मान्य केलेला नाही, आणि भारतानेही नाही. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा करार मात्र या सहाही देशांनी मान्य केलाय. पगार अडवून आणि पासपोर्ट दाबून माणसाला राबवणं त्यात बसतं, म्हणून अर्जात ‘सक्तीने काम करवून घेतलं’ हे शब्द, ते खरे असतील तर, जरूर लिहा.

हक्क आहे, पण तो बजावताना धोकाही आहे. त्याबद्दल प्रश्न ६ वाचा.

३. कंपनी म्हणते, इकामा रिन्यू करायचा खर्च आणि उशिराचा दंड तुझ्या पगारातून कापणार. बरोबर आहे का?

नाही. सौदीच्या कामगार कायद्याचं ४० वं कलम यावर अगदी स्पष्ट आहे. इकामा, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण, नूतनीकरणाला उशीर झाल्याचा दंड, एक्झिट-रीएंट्रीची (देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवान्याची) फी आणि नोकरी संपल्यावर घरी जायचं तिकीट, हे सगळं मालकाने भरायचं. संयुक्त अरब अमिरातीतही भरतीचा आणि परवान्याचा खर्च कामगारावर टाकायला बंदी आहे. अमिरातीत मुदत उलटून राहिलं की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. वर्षभरात तो १८,००० च्या पुढे जातो, म्हणजे पुष्कळांच्या वर्षाच्या पगाराहून जास्त. म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत बसू नका.

सौदीत आणखी एक वाट आहे. मार्च २०२१ च्या सुधारणांनंतर इकामा किंवा वर्क परमिट संपलं असेल, किंवा सलग तीन महिने पगार आला नसेल, तर मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीत बदली घेता येते. घरगुती नोकर, घरचे ड्रायव्हर आणि माळी मात्र या सुधारणांतून वगळले होते.

४. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे. मागितला तर देत नाहीत.

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, कंपनीची तर नाहीच. आखातातल्या सहाही देशांत मालकाने तो ताब्यात ठेवायला मनाई आहे. कतारमध्ये त्यासाठी २५,००० रियालपर्यंत दंड आहे. तरीही ऑफिसच्या कपाटात रबरबँड लावलेले गठ्ठे मी स्वतः पाहिलेत. ‘हरवू नये म्हणून ठेवतो’ हे ठरलेलं उत्तर.

मागणी तोंडी करू नका. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहा: ‘माझा पासपोर्ट द्यावा.’ उत्तर आलं नाही तरी तुमचा मेसेज तारखेसकट राहतो. आणि आज ना उद्या पासपोर्ट हातात येईलच असं धरून चालू नका. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा, व्हिसाच्या पानाचा फोटो जाण्याआधीच घरी पाठवून ठेवा. पासपोर्ट मिळालाच नाही तर काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. पगार थकला की किती दिवस थांबायचं?

आमचे लोक सहा-सहा महिने थांबतात. ‘आता सोडलं तर सगळंच जाईल’ ही भीती असते, आणि मालक तिच्यावरच पैसे वाचवतो. अमिरातीत पगार सरकारच्या वेतन संरक्षण पद्धतीतून बँकेमार्फत जमा व्हावा लागतो, आणि ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवसांत नाही आला तर कंपनी थकबाकीदार धरली जाते. ही पद्धत अमिरातीत २००९ पासून, सौदीत २०१३ पासून आणि कतारमध्ये २०१५ पासून आहे. दुसरा महिना कोरडा गेला की आमच्या मते हालचाल सुरू करावी.

शेवटची मुदतही लक्षात ठेवा. नोकरी संपल्यापासून सौदी, कतार आणि कुवेतमध्ये साधारण एक वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. अमिरातीतही पूर्वी एकच वर्ष होतं, ते २०२४ च्या दुरुस्तीने दोन झालं. अमिरातीत ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्याचा निकाल कामगार मंत्रालयच देतं, आणि आपल्या बहुतेकांची थकबाकी त्याच्या आतच असते.

६. तक्रार केली तर पोलीस धरून परत पाठवतील का?

पाठवू शकतात. उगाच धीर देण्यात अर्थ नाही. कामगार खातं आणि जवाजात (परवान्यांचं खातं) यांच्यात भिंत नाही. तक्रारीच्या निमित्ताने तुमचा नंबर संगणकात टाकला की मुदत संपल्याचं दिसतंच. दावा निकालात निघेपर्यंत राहू देतील की आधीच डिपोर्ट करतील हे देश, तुमच्यावरची नोंद आणि समोरचा अधिकारी यांवर अवलंबून असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पुरावे गोळा करून घरी पाठवायचे (प्रश्न ७). मग भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन तक्रार नोंदवायची, आणि त्याच वेळी घरच्यांनी इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तीच तक्रार टाकायची. मग कामगार खातं. दूतावासात नोंद असलेला माणूस पकडला गेला तर निदान त्याचं नाव कुणाला तरी माहीत असतं. नोंद नसलेल्या माणसाला शोधायलाच आठवडे जातात.

ज्याला कसंही करून तिथेच राहून कमवायचंय, त्याला आम्ही तक्रार कर म्हणून भरीला घालत नाही. तो धोका त्याचा आहे, निर्णयही त्याचाच.

७. माझ्याकडे पगाराची स्लिप नाही, करार नाही. पुरावा कुठून आणू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि पुरावा बहुतेकांकडे असतो, फक्त त्यांना तो पुरावा वाटत नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्याच भागातला एक गवंडी चौदा महिन्यांनी हात हलवत परत आला. स्लिप एकही नाही. बोलता बोलता बायको आतून कालनिर्णय घेऊन आली. दर डिसेंबरला सुकट-मसाल्याच्या पार्सलमधून ती नवऱ्याला एक कॅलेंडर पाठवायची. नवरा त्याच्या चौकोनात रोज पेनाने आकडे लिहायचा: ‘१०’, ‘१०+२’, शुक्रवारी रेघ, आजारी पडला त्या दिवशी ‘नागा’. एकादशीच्या खाली ‘११’, संकष्टीच्या खाली ‘१०+३’. पानांवर सिमेंटची बोटं उमटलेली. त्यातून ओव्हरटाइमचे तास महिन्यागणिक काढता आले. फोरमनला त्याने पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमधले दिवस आणि चौकोनातले दिवस जुळले. पूर्ण रक्कम नाही मिळाली, पण तडजोडीत बसायला कंपनी तयार झाली ती त्या पानांमुळे.

तेव्हा काय जपायचं: गेटपासचा किंवा सेफ्टी कार्डाचा फोटो, हेल्मेटवरचा नंबर, कंपनीच्या बसमधला फोटो, फोरमनचे मेसेज (डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या), घरी पाठवलेल्या पैशांच्या एक्स्चेंजच्या पावत्या, मेसच्या वहीतलं तुमचं नाव, सोबत काम केलेल्या दोघा-तिघांचे भारतातले पत्ते. शेवटची गोष्ट लोक विसरतात. कॅम्प मोडला की माणसं पांगतात, आणि त्यांचा तिथला नंबर महिन्याभरात बंद पडतो.

कोऱ्या कागदावर किंवा न कळणाऱ्या अरबी कागदावर सही करायला सांगितलं तर आधी फोटो काढा. काढू देत नसतील तर तारीख, जागा आणि सही घेणाऱ्याचं नाव लगेच घरच्यांना मेसेज करा.

८. कंपनीने ‘पळाला’ अशी नोंद केलीय. मी तर रोज ड्युटीवर होतो!

सौदीत याला हुरूब म्हणतात. पगार मागणाऱ्याला गप्प करायला याच्याइतकं स्वस्त हत्यार मालकाकडे दुसरं नाही. एका नोंदीने कामगार एका रात्रीत गुन्हेगार ठरतो आणि मालक त्याच्या जबाबदारीतून मोकळा. अमिरातीत सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर असेल तरच अशी नोंद करता येते. सौदीत २०२२ पासून पद्धत बदलली. आता ‘काम सोडलं’ अशी नोंद झाली की कामगाराला दुसरीकडे बदली घ्यायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात, त्यानंतरच तो गैरहजर ठरतो.

खोटी नोंद रद्द करून घेता येते, पण सिद्ध करायची जबाबदारी व्यवहारात तुमच्यावरच येते. नोंदीच्या तारखेला तुम्ही कामावर होता हे दाखवायचं. प्रश्न ७ मधले पुरावे इथे दुसऱ्यांदा कामी येतात. पगाराची तक्रार नोंदीच्या आधीची असेल तर फार मोठा फरक पडतो: आधी तक्रार, मग नोंद, म्हणजे सूड उगवला हे दिसतं. मोबाइलवर आपलं स्टेटस (सौदीत ‘अबशर’, अमिरातीत कामगार मंत्रालयाचं ॲप) महिन्यातून एकदा तरी बघत जा.

९. एजंट ‘आझाद व्हिसा’ देतो म्हणाला. कुठेही काम करता येतं म्हणे.

असा व्हिसा कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही. कुणीतरी स्थानिक माणूस स्वतःच्या नावावर तुमचा व्हिसा काढतो, वर्षाला ठरावीक पैसे घेतो आणि ‘जा, कमव’ म्हणतो. कागदावर तुम्ही त्याच्या दुकानात हेल्पर असता आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच माणसाकडे टाइल्स बसवत असता. धाड पडली की बेकायदा ठरता तुम्ही. टाइल्सवाला पैसे बुडवतो कारण कागदावर तुम्ही त्याचे नाही, आणि कफील हात वर करतो कारण तुम्ही त्याच्याकडे काम केलंच नाही.

आमच्या पट्ट्यात अजूनही लोक याला चांगला व्हिसा समजतात, कंपनीपेक्षा भारी. ओळखीतल्या ओळखीत, मामा-काकांच्या शब्दावर जातात. वाईट याचंच वाटतं.

१०. व्हिजिट व्हिसावर नेऊन कामाला लावलं. पगार मागता येईल?

मागता येईल, पण ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. वर्क परमिट नाही म्हणजे कामगार खात्याच्या संगणकात तुमचं नावच नाही, आणि परवान्याशिवाय काम केल्याचा ठपका तुमच्यावरही येतो. मालक मात्र सुटत नाही. अमिरातीने २०२४ मध्ये परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम केला. वाटाघाटीत हा आकडा तुमच्या बाजूचा आहे. तुमची दोन महिन्यांची मजुरी तीन-चार हजार दिरहम असेल, तर ती देऊन मोकळं होणं मालकालाही परवडतं.

व्हिजिटवर का नेतात? दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जायची भारत सरकारची मंजुरी) लागतो. त्यासाठी करार, पगार, विमा सगळं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दाखवावं लागतं. व्हिजिट व्हिसाने हे सगळं टळतं. टळतं म्हणजे तुमच्या अंगावरचं चिलखतच काढून घेतात.

११. माफी (ॲम्नेस्टी) जाहीर झाली. तिच्यात परत आलो तर पगाराचे पैसे सोडून द्यावे लागतात का?

माफी सरकार देतं, आणि ती फक्त राहण्याच्या दंडाची असते. मालकाचं देणं माफ करायचा त्यात प्रश्नच येत नाही. सौदीने २०१७ मध्ये, कुवेतने १७ मार्च ते ३० जून २०२४ आणि अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशा मुदती दिल्या होत्या. अमिरातीच्या वेळी तर परत येण्यावर बंदीही घातली नाही.

अडचण वेगळीच असते. मुदत थोडी, रांगा लांब, आणि माणूस इतका थकलेला की समोर येईल त्या कागदावर सही करतो. त्यात ‘माझा सगळा हिशेब मिळाला, काही येणं नाही’ अशी ओळ असते. ती सही झाली की नंतर दावा लावणं फार जड जातं. माफीत यायचं असेल तर जरूर या, पण आधी दूतावासात थकबाकीची लेखी नोंद करा आणि मुखत्यारपत्र करून या (प्रश्न १३).

१२. पासपोर्टच नाही. घरी कसं यायचं?

दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. कॅम्पात त्याला आउटपास म्हणतात. तो एकाच प्रवासाचा असतो. तो मिळाला म्हणजे निघालात असं नाही, त्या देशाची बाहेर जायची परवानगी वेगळी लागते, आणि दंड, चालू खटला किंवा हुरूब असेल तर ती अडते. कुवेतने तर १ जुलै २०२५ पासून खासगी कंपन्यांतल्या परदेशी कामगारांना देश सोडताना मालकाची ऑनलाइन परवानगी लागू केली.

दंडाला आणि तिकिटाला पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. कामगाराची स्वतःची चूक नसताना चढलेला किरकोळ दंड त्यातून भरता येतो. हा निधी २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यात पैसा येतो तो तुम्ही-आम्ही पासपोर्ट-व्हिसाच्या कामांना दूतावासात भरलेल्या फीमधून. तेव्हा मागताना लाजू नका. अर्जात मात्र ‘मदत करावी’ एवढंच न लिहिता ‘निधीतून तिकीट व दंड भरावा’ असं स्पष्ट लिहा.

१३. मी परत आलोय. आता तिथला पगार मिळेल का?

मुदतीत असाल (प्रश्न ५) तर वाट आहे. मुखत्यारपत्र करून तिथल्या वकिलाला किंवा विश्वासू माणसाला दावा चालवायला देता येतो. ते तिथे असतानाच दूतावासात केलं तर सोपं आणि स्वस्त. इथे येऊन करायचं तर नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाचा दूतावास, अरबी भाषांतर अशी शिक्क्यांची यात्रा होते, आणि दोन महिन्यांचा पगार वसूल करायला एक महिन्याचा पगार जातो. कंपनीच बुडाली असेल तर कतारमध्ये अशा कामगारांसाठी सरकारी निधी आहे, पण त्यासाठीही आधी निकाल हातात हवा.

इथे बसून करता येण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे एजंटला धरणं.

१४. एजंटवर काय कारवाई होते?

तो नोंदणीकृत आहे का, हे आधी बघा. ई-मायग्रेटवर नाव टाकलं की कळतं. नोंदणीकृत असेल तर त्याने सरकारकडे बँक हमी ठेवलेली असते, मोठ्या एजंटांची ५० लाखांची. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी) कार्यालयात लेखी तक्रार गेली की तो जागा होतो, कारण लायसन्स जायची भीती असते. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-सव्वा लाख दिले असतील तर वरचे पैसे बेकायदा घेतलेत. पावती नसेल, पण गूगल पे किंवा बँकेची नोंद असते. नसेल तर कोणाकडून उसने घेतले, कुठला दागिना गहाण ठेवला त्याची चिठ्ठी जोडा.

नोंदणी नसेल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली तो गुन्हाच आहे आणि फसवणुकीचा वेगळा. पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणतील. तेव्हा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा.

एक नाजूक गोष्ट: हा एजंट बहुतेकदा गावातलाच असतो, कधी नात्यातला. पंचायत बसवून अर्धे पैसे परत घ्यायचे की तक्रार करायची, हे घरच्यांनी ठरवायचं. पण तडजोड करायची तर ती स्टॅम्पपेपरवर, तारखा घालून करा.

१५. करारच नव्हता, तर पगार किती धरायचा? इथे सांगितला १,८०० आणि तिथे गेल्यावर १,००० म्हणाले.

इथे एक कागद आणि तिथे दुसरा, हा जुना खेळ आहे. ई-मायग्रेटमधून गेला असाल तर तिथे नोंदवलेला पगार हा तुमचा सगळ्यात भक्कम आधार. काहीच नसेल तर कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान १,००० रियाल मूळ पगार, शिवाय राहणं-जेवण कंपनीचं नसेल तर ५०० आणि ३०० रियाल. कुवेतमध्ये खासगी क्षेत्रात किमान ७५ दिनार. सौदी आणि अमिरातीत परदेशी कामगारांसाठी असा सरसकट आकडा नाही, तिथे पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेला पगार दाखवायचा. म्हणून पहिल्या पगाराची नोंद जपा.

१६. बहीण घरकामाला गेली, मॅडम बाहेर सोडत नाही, फोन काढून घेतला. ती पळून गेली तर बेकायदा ठरेल का?

कागदावर कदाचित ठरेल. पण मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील तर कागदाचा विचार नंतर. तिने थेट भारतीय दूतावास गाठावा. काही दूतावासांत अशा बायकांसाठी निवारा आहे. दुसऱ्या घरात ‘पार्ट टाइम’ काम देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जाऊ नये, तिथून पुढे माग काढणं फार कठीण होतं.

घरच्यांनी त्याच दिवशी ‘मदद’वर तक्रार करावी. मॅडमचं नाव माहीत नसलं तरी चालेल. व्हिसाची प्रत, तिने पाठवलेलं लोकेशन, खिडकीतून काढलेला फोटो, जे असेल ते द्या. घरकामगारांसाठी कुवेतमध्ये २०१५ चा आणि अमिरातीत २०२२ चा वेगळा कायदा आहे, आठवड्याची सुट्टी आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा हक्क त्यात आहे. दहावी नापास बाईला तीस वर्षांच्या आत आखातात कामासाठी क्लिअरन्स मिळत नाही. ती तिशीच्या आतली असून गेली असेल तर एजंटने व्हिजिटवर नेलंय असं धरून चाला, आणि तक्रारीत मानवी तस्करीचं कलम लावायला सांगा.

१७. कामावर पडून पाय मोडला. कागद नाहीत म्हणून हॉस्पिटल घेईल का?

जिवावरच्या प्रसंगात घेतात. नंतर बिल आणि पोलिसांचा प्रश्न येतो. ‘रूममध्ये घसरून पडलो’ असं सांगायला कंपनी सांगेल. सांगू नका. अपघात साईटवर झाला हे पहिल्या रिपोर्टात आलं नाही तर भरपाई गेली. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी उघड्यावर काम करायला सौदी आणि अमिरातीत बंदी असते. त्या वेळेत उन्हाने कोसळला असाल तर वेळही लिहून घ्या.

क्लिअरन्स घेऊन गेलेल्यांकडे प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असते. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये. मालक बदलला तरी पॉलिसी मुदतीपर्यंत चालू राहते. पुष्कळ घरांत ती पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर ट्रंकेत पडून असते आणि कुणाला माहीतच नसतं. आज उघडून बघा.

१८. दोन आठवडे फोन लागत नाही. पकडला असेल का?

असू शकतं. पकडलेल्या भारतीयाला आपल्या दूतावासाशी संपर्क करू द्यायला हवा, हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराने ठरलंय. पण त्याने मागावं लागतं, आणि भेदरलेला माणूस मागत नाही. तुम्ही इथून पासपोर्ट नंबर देऊन दूतावासाला ईमेल करा. रूमवरच्या मित्रांना शोधायला पाठवायचं असेल तर ज्यांचे कागद चालू आहेत त्यांनाच पाठवा. भावाला शोधायला गेलेला भाऊही आत बसल्याचं आम्ही पाहिलंय.

१९. दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर काम केलं. आता खरं नाव सांगू का?

दूतावासाला सांगा. बोटांचे ठसे गेल्या-आल्याच्या वेळीच घेतलेले असतात, लपत काहीच नाही. पगाराचा दावा मात्र अशा वेळी जवळजवळ साक्षीदारांवरच उभा राहतो. ज्याचं कार्ड वापरलं तोही अडकू शकतो, तेव्हा अर्ज करण्याआधी त्याच्याशी बोला.

२०. माणूस तिथेच गेला. मयत आणायची आहे, आणि त्याचा इकामा संपला होता.

इकामा संपल्यामुळे मयत अडत नाही, पण वेळ लागतो. पोलिसांचा ना-हरकत दाखला, मृत्यूचा दाखला, दूतावासाची नोंद आणि घरच्यांचं संमतीपत्र लागतं. खर्च मालकाचा, तो बेपत्ता असेल तर कल्याण निधीतून मागता येतो (प्रश्न १२). संमतीपत्रात ‘मयत पाठवावी’ की ‘तिथेच दफन करावं’ हे स्पष्ट लिहा. हे पत्र कंपनीच्या माणसाने तयार करून पाठवलं असेल तर प्रत्येक ओळ वाचा, कारण त्यात ‘आमचं काही येणं नाही’ हे वाक्य घुसवलेलं आम्ही दोनदा पकडलंय.

थकलेला पगार, ग्रॅच्युइटी आणि भरपाई वारसांची असते. दूतावासामार्फत आलेली रक्कम बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते, आणि त्यासाठी वारस दाखला लागतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत राहून जातो, मग सहा महिन्यांनी पैसे येऊन पडतात आणि दाखला नसतो. चाळीसाव्याला किंवा तेराव्याला जमलेल्यांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावं. मयताचा फोन सामानात परत आला तर तो रीसेट करून मुलाला वापरायला देऊ नका. त्यात फोरमनचे मेसेज असतात.